गाईचं तेवढं राहिलं

अक्का,

तुमच्या दहाव्याला घाटावर माईकवाल्यानं भोंगा लावला आणि प्रवचनाचे बुवा दोन पावलं पुढे सरकले, तोच तो भोंगा असा किंचाळला की मांडीवरची पोरं रडायला लागली. बुवा दचकून मागे झाले. भोंगा गप्प. ते पुन्हा पुढे आले, पुन्हा किंचाळी. सगळे माईकवाल्यावर करवादले. मी मात्र मागे वळून बघितलं. बायकांच्या घोळक्यात तुम्ही बसलेल्या असणार आणि आता मला कोपरानं ढोसून विचारणार, "आगं धाकले, बुवा लांब गेलं की त्यो गप का बसतुया?" मागे चुलत सासूबाई होत्या, डोळ्याला पदर लावून. हे दहावं तुमचंच आहे, हे मला तेव्हा पुरतं कळलं.

उत्तर माझ्याजवळ तयार होतं. माईक ऐकतो ते भोंगा मोठं करून बोलतो, भोंगा बोलतो ते माईक पुन्हा ऐकतो, मग ते आणखी मोठं होतं. बुवा धरून होते तो माईक भोंग्याच्या तोंडासमोर आला की ही फुगडी सुरू. तुम्हाला आवडलं असतं. "म्हंजी गावातल्या चहाडीसारखंच की," असं काहीतरी म्हणाला असतात आणि प्रवचनात आपण दोघी पदराआड हसलो असतो.

पिंड ठेवला. लोक अजून मागे सरलेही नव्हते तर कावळा येऊन शिवून गेला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. "काय राहिलं न्हाई माउलीचं," कुणीतरी म्हणालं, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी मान खाली घातली. राहिलं होतं, अक्का. एक उत्तर राहिलं होतं. तुम्ही ते मला दहा वर्षं विचारत होतात आणि ते मला त्यातली नऊ वर्षं येत होतं.

थोरली जाऊ, धाकटी जाऊ म्हटलं की लोकांना डब्यातलं तूप आणि वाटणीतलं शेत आठवतं. आपणही भांडलो, नाही असं नाही. पण आपलं पहिलं भांडण बल्बला पाणी घालण्यावरून झालं. हे मी कुणाला सांगितलं तर कुणी खरं मानत नाही.

मी ९८ साली या घरात आले ती मिरजेहून, फिजिक्सची बी.एस्सी. होऊन. मुळशीतलं हे डोंगराच्या कुशीतलं गाव, दारापासून ओढ्यापर्यंत उतरत गेलेली भाताची खाचरं आणि घरात चौथी शिकलेल्या तुम्ही. डिग्रीचा मला माज होता. आता कबूल करायला काय जातं?

त्या वर्षी खांबावरची एक तार तुटली होती. दिव्याला दोन तारा लागतात, एक वीज आणणारी आणि एक परत नेणारी. आपली परतीची गेली होती. वायरमन "येतो, येतो" म्हणत होता आणि येत नव्हता. तोवर तुमच्या मालकांनी, दादांनी, गोठ्याशेजारी आंब्याखाली एक जुनी पहार जमिनीत ठोकली आणि घरातली परतीची तार तिला गुंडाळली. वीज मातीतून परत जायची, बल्ब लागायचा. तेव्हा आपल्याकडे बऱ्याच घरांत हा उद्योग चालायचा. दादांनी एकच ताकीद दिली होती, "ह्याच्यावर दिवा फकस्त. दुसरं काय लावायचं न्हाई."

उन्हाळा लागला तसा बल्ब मलूल व्हायला लागला. तुम्ही रोज दिवेलागणीला दोन बादल्या पाणी त्या पहारीच्या बुंध्याशी ओतायचात. एकदा पाहुणे जेवायला असताना तुम्ही सहज म्हणालात, "पानी घातलं की दिवा मोठा व्हतुया."

मी म्हणाले, "अक्का, बल्ब म्हणजे काय तुळस आहे का पाणी घालायला?"

पंगत हसली. हे तर पार ठसका लागेपर्यंत हसले. मला स्वतःच्या हजरजबाबीपणाचं फार कौतुक वाटलं. तुम्ही माझ्या पानात भात वाढलात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही मला बल्बसमोर पाटावर बसवलंत आणि बादली घेऊन गोठ्याकडे गेलात. तिकडून हाक आली, "वतलं गं! वाढला का?"

मी म्हणाले, "नाही."

"आता?"

बल्बच्या आतली तार तांबूस होती ती पिवळी झाली. मग पांढरी. "आगं वाढला का न्हाई, सांग की!" शेजारच्या घरातनं उजेड बघून कुणीतरी ओरडून सांगितलं, "वाढला, वाढला!" आणि आत कॉटवर पडलेले दादा उठून बसले.

वाळल्या मातीतून वीज रेटत जावी लागते, ओल्या मातीतून सहज जाते. हे माझ्या वहीत लिहिलेलं होतं, मला त्यात मार्कही पडले होते. फक्त ती माती म्हणजे आपल्या आंब्याखालची माती, हे मला सुचलं नव्हतं. मी ते तुम्हाला समजावून सांगितलं, जरा घुटमळत. तुम्ही ऐकलंत आणि म्हणालात, "न्हाई कळलं. फिरनं सांग. विंग्रजी काढून सांग."

तिथून ते सुरू झालं. भांडी घासताना, भात पाखडताना, दुपारी अंगणात पाय पसरून बसलो असताना तुमचा एकेक प्रश्न. नियम दोन. इंग्रजी शब्द वापरायचा नाही, आणि सांगितलेलं हातानं करून दाखवायचं. कॉलेजात कुणी मला असं धारेवर धरलं नव्हतं.

ट्यूबलाईट पुसताना तुम्हीच शोधून काढलंत की ट्यूब एकदा लागली की तो डबीएवढा स्टार्टर काढून घेतला तरी ती विझत नाही. मी सांगितलं की त्याचं काम फक्त सुरुवात करून देण्याचं. तुम्ही खुदकन हसलात. "म्हंजी सुईनच की गं ही. पोर झालं की पिशवी उचलून आपल्या घरी." मी आता शाळेत हे दरवर्षी असंच शिकवते. पोरं हसतात आणि विसरत नाहीत. तुमचं नाव मात्र मी कधी सांगितलं नाही, हेही आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

टेस्टरवरून तर आपलं कधी मिटलंच नाही. टेस्टरमधला दिवा लागतो तेव्हा वीज आपल्या अंगातून जमिनीत जाते, एवढं मी सांगून चुकले. "माज्यातनं जातीया, तर मला कळंना कसं?" मी म्हटलं, फार थोडी जाते. "थोडी म्हंजी किती? मुंगी पायावरनं गेली तरी कळतंय मला." मी म्हटलं, मुंगीहून थोडी. तुम्ही टेस्टर खाली ठेवून माझ्याकडे असं बघितलंत की जणू मीच भेसळ केली आहे. किती तरी वर्षांनंतरही, कुणी टेस्टर काढला की तुम्ही लांबून विचारायचात, "मुंगीहून थोडी, व्हय ना गं?" आणि आपण दोघीच हसायचो.

पाखरांचं मात्र तुम्ही माझ्याआधी सोडवलंत. तारेवर बसलेल्या पाखराला शॉक का बसत नाही, हे मी कागद घेऊन मांडायला बसले होते. तुम्ही म्हणालात, "दोनी पाय एकाच तारंवर हायेत त्याचे. जायला वाट कुटं हाय तिला?" मी कागदाचा बोळा केला.

आणि मग हरणी.

त्याच उन्हाळ्यानंतरचा उन्हाळा. तार अजून तुटलेलीच, पहार अजून तिथंच. तुम्ही मला म्हणालात, "धाकले, पहारीपाशी पानी वतताना पायाला मुंग्या येत्यात." मी म्हटलं, वाकून वाकून येत असतील. दोन दिवसांनी तुम्ही पुन्हा आलात. आता नेमकं सांगत होतात. "पाय जुळवून हुबी ऱ्हायली की येत न्हाईत. फाकवून हुबी ऱ्हायली की येत्यात. आन् हरणी तितं जात न्हाई बग. दावं वढून मागं सरतीया. कोंबड्या मातर खुशाल उकरत बसत्यात. आसं का?"

मी तुमच्याबरोबर गेले. पहारीजवळ उभी राहिले, पाय जुळवून, मग फाकवून. मला काहीही झालं नाही. "तुमच्या मनाचे खेळ आहेत अक्का," मी म्हणाले. "आणि गाईला काय, एकदा कशाला तरी बिचकली असेल."

माझ्या पायात रबरी चपला होत्या. मी त्या काढल्या नाहीत. शेणाच्या अंगणात अनवाणी उभं राहणं मला जमायचं नाही, आणि चपलांचा विचारही माझ्या डोक्यात आला नाही. रबरातून वीज जात नाही हे मी सहावीतल्या पोराला सांगू शकले असते. तुम्ही माझ्या चपलांकडे बघितलंत. मला वाटतं तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. पण मी शिकलेली, म्हणून तुम्ही थांबलात, आणि हरणीला रोज गोठ्याच्या पलीकडच्या अंगाला बांधायला लागलात.

मग तुमच्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं आणि तुम्ही दोन दिवस माहेरी गेलात. दादा दिवसभर शेतावर, हे पिरंगुटला कंपनीत. घरात मी एकटी. संध्याकाळी गोठ्याच्या पलीकडे ऊन रेंगाळत होतं, हरणी धापत होती. आंब्याखाली गार सावली. मी तिला ओढत आणली. ती येईना. मी दावं खांद्यावरून घेऊन ओढलं आणि आंब्याला बांधलं. पहारीपासून एक हातावर.

दुसऱ्या दिवशी ह्यांना कंपनीत कुणी मोठे साहेब यायचे होते, शर्टाला इस्त्री हवी होती. दादांची ताकीद मला ठाऊक होती. पण म्हटलं, पाच मिनिटांनी काय होतंय. इस्त्री लावली, ती कोमटसुद्धा होईना. तेव्हा मला तुमची आठवण झाली, अक्का. पाणी घातलं की दिवा मोठा होतो. मी बटन बंद केलं, चार बादल्या पाणी त्या पहारीशी ओतलं, सगळीकडे चिखल झाला, हरणीचे पाय त्यात. घरात आले आणि बटन दाबलं.

तिचा आवाज मी अजून ऐकते. हंबरणं नव्हतं ते. मी धावत बाहेर गेले, ती आडवी झाली होती, मी गाठ सोडायला गेले तर ती गाठ सुटेना. माझ्या पायात तेव्हाही चपला होत्या, म्हणून मी आज हे लिहिते आहे. दादा बांधावरून ओरडत आले, त्यांनी आधी घरात जाऊन मेन स्विच खाली ओढला. तोवर सगळं झालं होतं. मी इस्त्रीची पिन आधीच काढून ठेवली होती का मग काढली, ते मला आठवत नाही. पण दादा गाईकडून मागच्या दाराशी आले तेव्हा इस्त्री ट्रंकेत होती.

आजूबाजूची माणसं जमली. आदल्याच दिवशी सरपणात साप दिसला होता. "पान लागलं," कुणीतरी म्हणालं. पान लागलं म्हणजे साप चावला, हे मला तोपर्यंत कळायला लागलं होतं. मीही मान डोलावली.

तुम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी आलात. पिशवी ओसरीवर ठेवली, ओढ्याकडच्या नव्या मातीच्या ढिगापाशी जाऊन आलात. मग आंब्याखाली. कापलेल्या दाव्याचं टोक अजून झाडाला होतं, ते तुम्ही हातात धरून बराच वेळ बघत होतात. मी ओसरीवरून बघत होते. तुम्ही एक वाळकी काठी घेतलीत, पहारीची तार तिनं उचकटून काढलीत आणि दादांना म्हणालात, "आजपास्नं हितनं दिवा नगं. कंदील लावू."

संध्याकाळी चुलीपाशी तुम्ही माझ्याशेजारी बसलात. मी म्हटलं आता विचारणार. तुम्ही विचारलंत, पण ते नाही. "धाकले, हरणी का पडली? माज्या पायाला मुंग्या येत व्हत्या, कोंबडीला काय न्हाई, आन् गाय पडली. तू शिकल्याली हायेस. शोदून काड आन् मला सांग."

कुणी बांधली, असं तुम्ही विचारलं नाहीत. तेव्हाही नाही, नंतरही नाही. त्या आठवड्यात तुम्ही पहारीभोवती दगडांचं एक कडं केलंत, पाच पावलांवर, आणि त्याला चुना फासलात. तार केव्हाच निघाली होती तरी त्या कड्याच्या आत तुम्ही कधी जनावर बांधू दिलं नाहीत.

पुढच्या वर्षी मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले. तिथल्या कपाटात वायरमनच्या शिक्षणाचं एक जुनं पुस्तक होतं. एका पानावर चित्र. जमिनीत रोवलेला खांब, त्याच्याभोवती गोल गोल रेघा, एकाबाहेर एक, आणि त्या रेघांवर पाय ठेवून उभी असलेली एक गाय. मला आपलं चुन्याचं कडं दिसलं. खालचा मजकूर मी उभ्या उभ्या वाचला. सगळं होतं त्यात. मुंग्या, जुळवलेले पाय, कोंबडी सोडून सगळं. कोंबडीचं मलाच कळलं. मी पुस्तक मिटलं आणि कपाटाच्या तळाशी ठेवलं.

तुम्हाला ते उत्तर सांगायचं म्हणजे तुमचं बरोबर होतं असं सांगायचं. ते मला जमलं असतं, बल्बच्या वेळी जमलंच होतं. पण मग पुढचं वाक्य यायचं. तुम्ही सांगूनही मी तिला तिथं बांधली. ते वाक्य माझ्या तोंडातून निघेना.

तुम्ही उन्हाळ्यात एकदा तरी विचारायचात. "गाईचं कळलं का गं?" मी म्हणायचे, शोधतेय. तुम्ही "बरं" म्हणायचात आणि दुसरा प्रश्न काढायचात. माठातलं पाणी गार कसं, रिमोटचे सेल उन्हात ठेवले की जीव कसा धरतात, बटन दाबलं की रेडिओ खरखरतो तो का. मी या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं फार मन लावून दिली, अक्का. आता वाटतं, त्या एकाची भरपाई चालली होती.

त्यातलं पुण्याकडच्या सुसचं आठवलं की मला आजही हसू येतं. तुमचा राजू तिथल्या सोसायटीत सातव्या मजल्यावर राहायला गेला. पहिल्याच दिवशी लिफ्ट खाली निघाली आणि तुम्ही माझा दंड धरलात. "पोटात गोळा का येतुया?" मी म्हटलं, खाली निघताना क्षणभर आपलं वजन कमी भरतं. पुढच्या खेपेला पिशवीत आपला आकड्याचा स्प्रिंगचा काटा निघाला आणि घरच्या आंबेमोहोराचं पाच किलोचं गाठोडं. लिफ्टमध्ये तुम्ही काटा उंच धरून उभ्या, त्याला गाठोडं लोंबकळतंय आणि मी खाली वाकून आकडा वाचतेय. तिसऱ्या मजल्यावर गळ्यात ऑफिसचं कार्ड अडकवलेला एक मुलगा आत आला. "कितवा मजला, मावशी?"

"समदेच," तुम्ही म्हणालात.

तो बिचारा पहिल्या मजल्यावर उतरून जिन्यानं गेला. पण काटा हलला होता. खाली निघताना पाचाच्या आत, वर निघताना पाचाच्या वर. तुमचा चेहरा असा उजळला की त्यापुढे कुठली डिग्री! "गोळा न्हाई येत गं. आपून हलकं व्हतुया." मग आपण आणखी चार फेऱ्या मारल्या, राजू खालून ओरडेपर्यंत.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर एसटीत तुम्ही खिडकीशी बसला होतात, मांडीवर तेच गाठोडं. लवळ्याच्या बाजूनं नवीन इमारती उठत होत्या, तुम्ही त्या मोजत होतात. मधेच माझ्याकडे न बघता म्हणालात, "पाखराचं जे उत्तर हाय, तेच गाईचं व्हय गं? नुसतं उलटं?"

तुम्ही पोचला होतात, अक्का. एका पावलावर होतात. मी फक्त हो म्हणायचं होतं. मी म्हटलं, "बघावं लागेल."

दवाखान्यातला शेवटचा आठवडा. तुमच्या बोटाला तो लाल दिव्याचा चिमटा होता आणि त्यावरही प्रश्न होताच, श्वास पुरत नव्हता तरी. मी तुमच्याच बॅटरीवर तळहात ठेवून दाखवलं, उजेड कसा लाल होऊन पलीकडे निघतो ते. त्या लालीवरनं रक्ताचं कळतं, म्हटलं. तुम्ही बोट वर करून बघत राहिलात. "लई भारी हाय," म्हणालात. मग डोळे मिटून, अगदी हळू, "आन् गाईचं?"

मी म्हटलं, "घरी गेल्यावर सांगते."

काल तेरावं आटोपलं. दुपारी पाहुणे गेले आणि दादा चुन्याच्या कड्याजवळच्या दगडावर एकटेच बसले होते. मी पाणी घेऊन गेले आणि तिथंच मटकन बसले. "दादा, हरणीला पान लागलं नव्हतं. मी बांधली होती तिला इथं. इस्त्री लावली होती." दहा वर्षांत न निघालेलं वाक्य एका दमात निघालं.

दादा पाणी प्याले. त्यांनी तांब्या खाली ठेवला. "ठावं हाय," म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"तिनंच. त्याच दिशी. दाव्याची गाठ बघून. आमची गाठ वढली की सुटती, तुझी कापडं वाळत घालायच्या दोरीची. म्हनली, धाकलीला कुनी इचारायचं न्हाई. तिला कळंल तवा ती आपसूक सांगंल."

दादा कड्याकडे बघत होते.

"मंग दोन-तीन सालानं म्हनली, कळलंय तिला. गाईचं नाव काडलं की ती माज्याकडं बघत न्हाई."

"रागावल्या होत्या का?"

"गाईचं तिनं कवाच सोडलं व्हतं," दादा म्हणाले. "ती म्हनायची, येतंय तिला आन् मला सांगना. उत्तराचं वाईट वाटायचं तिला."

मी फार रडले, अक्का. घाटावर रडले नव्हते इतकी. आपलं पाप झाकतेय असं समजून मी तुमची वस्तू दाबून बसले होते. तुम्हाला माझी कबुली नकोच होती. तुम्हाला फक्त कळून घ्यायचं होतं.

म्हणून आता सांगते. इंग्रजी काढून सांगते.

पहार ठोकली तिथं विजेचा डोंगर आहे असं समजा. आपल्या घरामागच्यासारखाच. माथा पहारीपाशी, आणि तिथून चहूबाजूंनी उतार. माथ्याजवळ उतार उभा, तिथली खाचरं अरुंद आणि बांध उंच. लांब जावं तशी खाचरं रुंद, सपाट. पाच पावलांवर, तुमच्या चुन्याच्या कड्यापाशी, जवळजवळ ओढ्याकाठचं सपाट रान. वीज पाण्यासारखी वरच्या खाचरातून खालच्या खाचरात उतरते. तुम्ही पाय जुळवून उभ्या राहिलात की दोन्ही पाय एकाच खाचरात, मग तुमच्यातून तिला उतरायला वाट नाही. पाखराचे दोन्ही पाय एकाच तारेवर, तसंच. पाय फाकवलेत की एक वरच्या खाचरात, एक खालच्या, मग थोडी तुमच्या पायातून उतरते, त्या मुंग्या. कोंबडीचं पाऊल एवढंसं, तिला बांध ओलांडावाच लागत नाही. हरणीचे पुढचे पाय पहारीपाशी माथ्यावर आणि मागचे तीन हात लांब, चार खाचरं खाली. एका दिव्यापुरता तो डोंगर लहान होता, तिच्या पायांना तो कळायचा म्हणून ती मागे सरायची. मी इस्त्री लावली, तेव्हा तो मोठा झाला. मी पाणी ओतलं, तेव्हा तिचे खूर त्याला घट्ट चिकटले. सगळं तिच्या पोटातून, काळजातून खाली उतरलं.

पाखराचं उत्तर तेच गाईचं. नुसतं उलटं. एसटीत तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं. मुंग्यांचं बरोबर होतं. तुमचं पहिल्यापासून सगळं बरोबर होतं आणि मी चपला घालून उभी होते.

काल दादा उठून गेल्यावर मी चपला काढल्या आणि कड्याच्या आत गेले. तिथं आता नुसती माती आहे, पायाला काही होत नाही. तरी पाय जुळवून उभी राहिले आणि हे सगळं तुम्हाला मोठ्यानं सांगितलं, हात करून, उतार दाखवून. सांगून झाल्यावर सवयीनं थांबले.

नाही कळलं तर म्हणा ना, अक्का. फिरनं सांग म्हणा.